पडलो नाही, टेकलो

...नाही, पण मी काय म्हणतो, माणूस पडला की नाही हे ठरवायचं कुणी? पडणाऱ्यानं का बघणाऱ्यानं? तुम्हीच सांगा! सायकल थोडी तिरकी झाली, मी थोडा तिरका झालो, रस्ता जरा जवळ आला... हात टेकला, गुडघा टेकला, फार तर एक कान टेकला... याला काय पडणं म्हणतात? घोड्यावरून पडतात, छपरावरून पडतात, प्रेमात पडतात. सायकलवरून माणूस टेकतो! पण हे आमच्या सातिबाल्दी साहेबांना कोण सांगणार? आमच्या बंबखान्याचे मुख्य ते. त्यांनी काय करावं? चहाचा सामोवार ठेवतो ना आम्ही, त्याच्या वरच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, 'एर्मेक पडला', आणि पुढे ओढली एक रेघ! येणारा-जाणारा चहा ओतताना वाचतोय! पडला म्हणे... पडलो नव्हतो हो, टेकलो होतो!

तुम्हाला सांगतो, हे सगळं गेल्या हिवाळ्यापासूनचं आहे. गेल्या हिवाळ्यात माझी एक बरगडी मोडली. एकच! माणसाला चोवीस असतात! पण आमच्या पाळीत माणसं चार, त्यातला एक बरगडी धरून घरी बसला की बंबावर उरले तीन. म्हणून यंदा पहिला बर्फ पडला त्याच दिवशी साहेबांनी मला बोलावलं. साहेबांचा आवाज कसा, तर रिकाम्या टाकीत तोंड घालून बोलल्यासारखा. "एर्मेऽऽक! आजपासून मार्चातल्या नवरोजपर्यंत तू तीनदा पडलास, आणि कुणी पाहिलं, की सायकल माझी. होसपाइप वाळत घालतो त्या मनोऱ्यात टांगीन. कायमची!" मी म्हटलं, "आणि साहेब, नाही पडलो तर?" तर साहेब हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा हसले हो! मग माझंही डोकं सटकलं. म्हटलं, बघूच. पाय मोडला तर एका पायानं मारीन पायडल, पण सायकल सोडणार नाही म्हणजे नाही!

तुम्ही म्हणाल, काय एवढं त्या सायकलीत? जुनी, उराल बनावटीची, वडिलांची, वजनाला एखाद्या वासराएवढी, घंटी गेली तर गेली, रंग कुठला होता ते आईला आठवत होतं, आता तीही नाही. पण असं बघा, चोवीस तासांची पाळी आमची. चोवीस तास कान त्या भोंग्याकडे. जेवतानाही, झोपतानाही. मग सकाळी आठला सुटतो, टांग मारतो, समोर डोंगर पांढरेशुभ्र, चाकाखाली बर्फ करकर वाजतोय... बंबखाना ते घर, दोन किलोमीटर. तेवढ्या दोन किलोमीटरांत मला कुणी हाक मारत नाही. जगात तेवढा वेळ कुठेही काही पेटलेलं नसतं. हे सोडू? मी?

पण आमच्या इसिक-कुल तळ्याच्या बाजूला चाळिशीच्या माणसानं सायकलवर बसायचं म्हणजे काय, ते सासऱ्यांना विचारा. सगळा जन्म घोड्यांत गेलेला माणूस. भेटले की सुरू. "जावई, घोडा देतो, घे. घोडा माणसाला डोळे मिटून घरी आणतो. त्याला वाट कळते, खड्डा कळतो, पाणी कुठे आहे ते कळतं. तुझ्या या लोखंडी शेळीला काय कळतं रे?" मी टायरना एकशे चाळीस स्क्रू मारले, आतून बाहेर, टोकं वर, बर्फात रुतावीत म्हणून. रात्रंदिवस खपून मारले! सासरे आले, वाकून बघितलं. "अरे वा, नाल ठोकलेस? आता थोडा चाराही घाल."

आणि घरात बुरुल. आमची बायको. गावात मी कुठेही टेकलो, तर मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचलेली. दारातच उभी. "कुठे पडलात?"

"पडलो नाही, टेकलो."

"बरं, कुठे टेकलात?"

"नानवाल्याच्या भट्टीसमोर."

"ते माहितीय मला. डाव्या कुशीवर ना?"

आता बोला! ती झाली पहिली रेघ. दुसरी तर सांगायलाच नको. शुक्रवार, दुपारची नमाज सुटलेली, दोनशे माणसं पायऱ्यांवर बूट शोधतायत, आणि मी समोरून अगदी ऐटीत, पाठ ताठ... दोनशे माणसं एका सुरात "ओय!" आणि मला उठवलं कुणी? खुद्द इमामांनी! आता इमाम साक्षीदार म्हटल्यावर अपील कुठे करायचं? बंबखान्यात पोचलो तर साहेबांच्या बोटांना खडू लागलेला. पडलो नव्हतो हो, टेकलो होतो! पण ऐकतो कोण?

बरं, टेकायचो कुठे, तेही ऐका. साध्या बर्फात मी राजा! स्क्रू रुततात, सायकल हलत नाही. पण आमच्याकडे बंबाला पाणी भरायच्या तोट्या जमिनीखाली, रस्त्यातच, वर लोखंडी झाकण. खालच्या पाण्याची ऊब झाकणाला लागते, वरचा बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, पुन्हा वितळतो, की झाली काच. त्यावर रात्रीत चार बोटं ताजा बर्फ बसला, की वरून बघाल तर काहीच नाही, सगळं सारखं, अंथरलेल्या चादरीसारखं. चाक त्यावर गेलं की एकशे चाळीस स्क्रू नाचतात आणि मी... टेकतो. नानवाल्यासमोर झाकण. मशिदीसमोर झाकण. आणि सालकिन आपांच्या घरासमोर झाकण. आमच्याच रस्त्यावरच्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात. त्यांच्या दारात तर मी या हिवाळ्यात पाच वेळा! पण तिथे बघायला फक्त आपांचा कुत्रा, आणि कुत्र्याची साक्ष धरत नाहीत. मी साहेबांना आधीच विचारून ठेवलं होतं.

तर फेब्रुवारी सरत आला. भिंतीवर रेघा दोन. नवरोजला एकोणतीस दिवस. मी असा चालवतोय, असा चालवतोय, जसं काही पुढच्या टोपलीत अंडी आहेत आणि मागे सासरे बसलेत. त्या दिवशी पाळी संपली, रात्रभर बर्फ पडून गेलेला, मी हळूऽऽ घरी निघालो... आणि वर बघतो तर सालकिन आपांच्या धुराड्यातून धूर नाही, जाळ! सरळ वर, हातभर! आत साचलेली काजळी पेटलेली. लाकडी घर हो, सगळा रस्ताच लाकडी घरांचा! अहो, ऑक्टोबरात मी स्वतः जाऊन सांगितलेलं, आपा, धुराडं साफ करून देतो. तर मला म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं बांधलेल्या धुराड्यात तू हात घालणार?"

फोन केला बंबखान्यात, सायकल कुंपणाला लावली, आत धावलो. तर आपा काय करताहेत? खिडकीतून रजया फेकताहेत! पाहुण्यांसाठी रचून ठेवलेल्या, नक्षीच्या, एकामागून एक, धप, धप, बर्फात. मला बघितलं. "एर्मेक! बरा आलास. नान तोड."

"आपा, छप्पर पेटलंय!"

"दिसतंय मला. आंधळी आहे का मी? उंबऱ्याच्या आत आलेला माणूस या घरातून नानाला तोंड न लावता गेलेला नाही. तोड!"

तोडला! काय करता? तोंडात नान, एका हातानं भट्टीचं दार लावलं, दुसऱ्या हातानं हवेची झडप ओढली, आणि आपांना उचलून बाहेर. बाहेर नेऊन बसवल्या रजयांच्या ढिगावर. तोवर माळ्यावरची तुळई पेटली होती.

बंब आला. साहेब स्वतः आले. बंबाच्या टाकीत पाणी किती? सहा मिनिटांचं. सहा मिनिटांत तोटी जोडली नाही तर पुढे काय करायचं, थुंकायचं? साहेबांनी नकाशा उघडला. नकाशात लिहिलेलं, 'फाटकासमोरच्या पॉप्लरच्या झाडापासून नऊ पावलं.' वा! पॉप्लर कुठाय? पॉप्लर दोन वर्षांपूर्वी पाडला! त्याचं खोडसुद्धा बर्फाखाली. मग पहारी घेऊन सगळे रस्त्यावर, टणक, टणक, टणक... सगळा रस्ताच गोठलेला, जिथे मारावं तिथे टणक! साहेब ओरडताहेत, "झाकण कुठाय? अरे झाकण कुठाऽऽय?"

आणि मी उभा. मला माहीत होतं. म्हणजे मला नव्हतं हो माहीत, पडताना काय माणूस पावलं मोजतो? सायकलला माहीत होतं. पण सायकलला विचारायचं म्हणजे कसं विचारायचं, कळलं ना तुम्हाला? साहेबांच्या डोळ्यांदेखत! तिसरी रेघ!

खोटं कशाला सांगू, क्षणभर मी कुंपणाला टेकलेल्या त्या सायकलीकडे बघत राहिलो. ते दोन किलोमीटर डोळ्यांसमोर आले. मग आपांकडे बघितलं. मघाशी नान तोड म्हणून दटावणारी बाई नवऱ्यानं बांधलेल्या घराकडे बघतही नव्हती, मांडीवरच्या रजईचा दोरा ओढत होती. म्हटलं, लानत आहे एर्मेक तुझ्यावर... आणि सायकल उचलली.

"एर्मेऽऽक! ही वेळ आहे का फिरायची?"

"साहेब, वाटेतून सरका!"

मारली टांग. एक चक्कर... काही नाही! सरळ गेलो! दुसरी चक्कर, कुंपणाच्या बाजूनं... नाही! अहो, आयुष्यात पहिल्यांदा मला पडायचं होतं आणि पडता येईना! बंबावरून पोरं ओरडली, "तीन मिनिटं!" मी हँडल सोडतोय, तिरका होतोय, कसलं काय! सायकल अशी चाललीय जशी सासऱ्यांची घोडी! मग म्हटलं, थांब. रोज कसा जातोस? रोज तू झाकण शोधतोस का? रोज तू बुरुलच्या चहाचा विचार करत जातोस. तसाच जा. डोळे अर्धे मिटले. चहा आठवला, दूध घातलेला, चिमूटभर मीठ, वर सायीचा...

धाड!

"पडलो!" मी ओरडलो. "साहेब, पडलो! इथे पडलो! अहो टेकलो नाही, पडलो, चांगला पडलो, या लवकर!" झाकणाला मिठी मारून ओरडतोय मी! एक कान लोखंडावर, आणि खाली पाणी, तुम्हाला सांगतो, मला ऐकू येत होतं. पहार आली, झाकण उघडलं, पाइप जोडला, आणि टाकीचं शेवटचं पाणी सरायच्या आत तोटीचं पाणी वर चढलं. मागची अर्धी खोली गेली. घर राहिलं. माणूस राहिला. रजया तर एकूण एक राहिल्या. आणि आपा काय म्हणाल्या? "अरे, पडायचंच होतं तर आधी सांगायचंस. एखादी अंथरली असती." मग उठल्या, आणि काजळीनं काळ्या झालेल्या साहेबांच्या तोंडासमोर नान धरला. साहेबांनीही तोडला. नाही म्हणायची त्यांची काय बिशाद!

दुसऱ्या पाळीला मी स्वतःच सायकल बंबखान्यात नेली. शब्द म्हणजे शब्द. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, खडू घेतला... मला वाटलं, पुसतील. तुम्हालाही वाटलं ना? तिसरी रेघ मारली! जाड! आणि सायकल टांगली मनोऱ्यात, ओल्या होसपाइपांच्या मधोमध. मी खाली उभा राहून वर बघत होतो, आणि डोळ्यांतून पाणी आलं, यात लाजण्यासारखं काही नाही. त्या दिवशी मी चालत घरी गेलो. दोन किलोमीटर केवढे असतात हो! तिसऱ्या दिवशी सासरे बंबखान्यात आले. वर बघितलं, बराच वेळ बघितलं. "पाणी कळतं म्हणायचं हिला," म्हणाले. आणि साहेबांना म्हणाले, "जनावर असं टांगून ठेवतात होय?"

संध्याकाळी सायकल खाली. आणि सोबत कागद. सहीशिक्क्याचा! 'ताजा बर्फ पडल्यावर दर सकाळी अग्निशामक एर्मेक यानं सायकलवरून गावभर फिरून एकवीसही झाकणांवर पडावं, आणि पडल्या जागी लाल काठी रोवावी.' दर वेळी, कारण बर्फ ढकलणारं यंत्र येतं आणि काठ्या घेऊन जातं. म्हणजे बघा, ज्या पडण्यापायी सायकल जात होती, त्या पडण्याचा आता हुकूम! भिंतीवर रेघांना जागा उरली नाही, सामोवार सरकवला. बुरुलनं विजारीला मागून आपांच्या रजईचा तुकडा शिवून दिलाय. नमाज सुटली की दोनशे माणसं थांबतात, झाकण दाखवतात, "एर्मेक, इकडे, इकडे!"

पण रोज एकवीस वेळा पडून माणूस शिकतो की नाही? तोल येतोच! काल नानवाल्यासमोर चाक सटकलं, मी पाय लावला, सावरलो, काठी रोवली, निघालो. किती बरं वाटलं सांगू! बंबखान्यात आलो. साहेब रेघा मोजताहेत. "वीसच? एकविसावी कुठाय?"

मी म्हटलं, "साहेब, तिथे पडलो नाही. टेकलो."

साहेबांनी खडू खाली ठेवला. "टेकलेलं आम्ही धरत नाही, एर्मेक. जा. नीट पडून ये."

गेलो हो. सायकल सोडणार नाही म्हटल्यावर... काय करता!