उलटी लावलेली गाडी आणि विल्माबाईंची खिडकी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे उपाध्यक्ष माननीय ग्रँट एलिंगसनसाहेब. सत्कारमूर्ती, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या पदवीधर भरती व प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख विल्माबाई ओस्टाशेक. त्यांच्या शेजारी टाय सैल करून बसलेले त्यांचे यजमान ऑर्व्हिलराव. आणि जिन्याचा कठडा धरून वर आलेल्या, कॉफीच्या कपाला झाकण लावून बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

सुरक्षेचे दोन शब्द बोलल्याशिवाय आपल्या कंपनीत कुणी वाढदिवसाचा केकसुद्धा कापत नाही, तेव्हा आधी ते उरकते. बाहेर जायची दारं दोन आहेत, एक माझ्या उजवीकडे आणि एक गरम पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, मांडलेल्या टेबलामागे. आग लागली तर कृपया दुसऱ्या दाराने जाताना थांबू नये.

माझं नाव डेल्फीन कार्डिनल. नवीन मंडळी मला चेहऱ्याने ओळखतात, कारण खाली स्वागतकक्षात माझा फोटो लावलाय. जुन्या निळ्या ट्रकशेजारी मी उभी आहे आणि खाली लिहिलंय, 'सुरक्षा ही सवय असते'. सोमवारपासून मी विल्माबाईंच्या खुर्चीत बसणार आहे. त्या खुर्चीवर माझा हक्क आहे का, हा प्रश्न मला एकोणीस वर्षं छळतोय. तो आज इथे सगळ्यांसमोर सोडवायचा असं मी ठरवलंय. साहेब, मला पाच मिनिटं दिली आहेत याची जाणीव आहे. सात घेईन.

एकोणीस वर्षांपूर्वीचा जानेवारी. एडमंटनमध्ये त्या दिवशी तापमान उणे चौतीस अंश होतं. पदवीधर भरतीसाठी आम्ही बावीस जण बोलावलेले. मी लाक ला बिश या आमच्या गावाहून लिओमामाचा ट्रक घेऊन आले होते. आता आपल्या आवारातली गंमत तुम्हाला ठाऊक आहे. इंजिन गोठू नये म्हणून गाडीची वायर विजेच्या खांबाला लावायची, आणि ती वायर असते गाडीच्या नाकाशी. पण कंपनीचा नियम काय? गाडी उलटी, तोंड बाहेर करून लावायची, म्हणजे संकटात सरळ बाहेर पडता येईल. मग खांब मागे आणि वायर पुढे. म्हणून आपले लोक गाडीभर लांब नारिंगी जोडवायरी ओढतात आणि एकमेकांच्या वायरींत पाय अडकून पडतात. या आवारात संकटाने पडलेला माणूस मी अजून पाहिला नाही, सुरक्षेने पडलेले पुष्कळ पाहिले.

तर त्या दिवशी एकवीस शहाण्या उमेदवारांनी गाडीचं नाक खांबाकडे केलं, वायर लावली आणि आत गेले. एकीनेच गाडी उलटी लावली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत विल्माबाई उभ्या होत्या. त्यांनी काय करावं? बावीस जणांसमोर त्या म्हणाल्या, "आज इथे एकाच मुलीने न सांगता गाडी उलटी लावली आहे. निळा ट्रक कुणाचा?" मी हात वर केला. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचा मुलगा पुटपुटला, "आधीच तयारी करून आलीस होय? आम्ही काय झक मारायला आलो?"

मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, "ही सवय कशी लागली तुला?" मी म्हणाले, "आमच्या घरी पहिल्यापासून असंच आहे." साहेबांनी मान डोलावून काहीतरी लिहून घेतलं. विल्माबाई नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

मित्रहो, आमच्या घरी पहिल्यापासून असं काहीही नव्हतं. त्या ट्रकची बॅटरी मरायला टेकली होती आणि गोठू न देणारी वायर उंदरांनी दोन हिवाळ्यांपूर्वीच खाल्ली होती. निघताना लिओमामा म्हणाला होता, "हे बघ पोरी, परत येताना हा चालू होणार नाही. तेव्हा तोंड बाहेरच्या बाजूला ठेव, म्हणजे कुणीतरी समोर गाडी लावून बॅटरी जोडून देईल. आणि कुणाला फार काही विचारत बसू नकोस, तुझे कान लाल होतात." एवढीच आमच्या घरची सुरक्षेची परंपरा.

तीन वाजता मुलाखती संपल्या. ट्रक चालू झाला नाही, त्याने मामाचा शब्द राखला. आता मदत मागायची कुणाकडे? ज्या मुलीच्या ट्रकसाठी सकाळी टाळ्या वाजल्या, तिने कोणत्या तोंडाने सांगायचं की ट्रक मेलाय? मी कुणाची तरी वाट बघतेय असं दाखवत उभी राहिले. एकेक उमेदवार हात हलवून निघून गेला. चाळीस मिनिटं. पापण्यांवर बर्फ जमला. नोकरी गेली खड्ड्यात, पाय तरी शाबूत राहू देत, असं मनात चाललेलं.

तेवढ्यात एक पांढरी गाडी माझ्यासमोर येऊन नाकाला नाक लावून थांबली. जाडजूड कोट घातलेला एक गृहस्थ उतरला आणि बॅटरी जोडायच्या तारा काढायला लागला.

"बायकोला न्यायला आलोय," तो म्हणाला. "तू उभी दिसलीस."

"तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" मी विचारलं.

"काय सांगायचं? मी तर ट्रक बघितलाच नाही," तो म्हणाला. "हं, मार चावी."

तेच हे ऑर्व्हिलराव. पुढच्या आठवड्यात मला नोकरीचं पत्र आलं, आणि पहिल्याच नाताळच्या जेवणात कळलं की ते कुणाचे यजमान आहेत. माझ्या घशात टर्कीचा घास अडकला. त्यांनी फक्त डोळा मिचकावला. तेव्हापासून दर नाताळला ते एकदा डोळा मिचकावतात आणि माझं जेवण तिथेच संपतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ट्रकचा किस्सा कंपनीभर झाला. फोटो लागला. प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी मीच 'सवयीचं महत्त्व' या विषयावर तासभर बोलते. आत्तापर्यंत सतरा तुकड्या झाल्या. तुमच्यातल्या किती जणांनी माझं ऐकून गाड्या उलट्या लावल्या आणि वायरीत पाय अडकून गुडघे फोडून घेतले, त्या सगळ्यांची मी आज माफी मागते.

विल्माबाईंनी मला घडवलं. पहिलं वर्ष तेलविहिरीवर, दुसरं प्रक्रिया केंद्रात, तिसरं हिशेबनीसांच्या तावडीत. मी रडत फोन करायचे आणि त्या म्हणायच्या, "रडून झालं की जेव, मग परत फोन कर." त्यांनी इतका विश्वास टाकला आणि मी तो एका मेलेल्या बॅटरीवर मिळवला, हे मला डाचत राहिलं. फार डाचलं.

आता गेल्या गुरुवारची गोष्ट. पुढल्या वर्षापासून उमेदवारांची निवड संगणक करणार आहे, आणि ती मंजूर करणाऱ्या कागदावर सोमवारी माझी सही हवी आहे. म्हटलं, सही करायच्या आधी यंत्र तपासून बघू. मी माझाच एकोणीस वर्षांपूर्वीचा अर्ज नाव बदलून त्यात घातला. मला शंभरात एकतीस गुण मिळाले, आणि मी दाखवलेल्या स्वारस्याबद्दल यंत्राने माझे आभार मानले.

अर्ज शोधायला विल्माबाईंचं कपाट उघडलं होतं. त्या बजावून गेल्या होत्या, "तुझी फाइल मी गेल्यावर बघ." मी लगेच बघितली. अर्जाच्या मागे त्यांच्या अक्षरात, मुलाखतीच्याच दिवसाची तारीख टाकून, चार ओळी होत्या. त्या वाचते.

"गाडी उलटी लावली ती सवयीने नव्हे, बॅटरी मेलेली म्हणून. ऑर्व्हिलला खाली पाठवलं आहे. येतानाच परत जायची सोय बघून आली आणि चाळीस मिनिटं थंडीत उभी राहिली तरी ट्रकला लाथ मारली नाही. खोटं बोलताना कान लाल होतात, म्हणजे हिच्यावर लक्ष ठेवणं सोपं. घ्या."

कपाटासमोर जमिनीवर बसून मी रडले. विल्माबाई, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. एकोणीस वर्षं तुम्ही त्या फोटोखालून ये-जा केलीत आणि एकदाही हसला नाहीत. आणि ऑर्व्हिलराव, बायकोने पाठवलं होतं हे एका नाताळला तरी सांगायचं. माझी टर्की फुकट गेली हो.

साहेब, पेरोगी थंड होताहेत, आवरते. आपण मला बोलू दिलंत, स्वयंपाकघरातल्या मंडळींनी दीड तास अन्न गरम ठेवलं, आणि तुम्ही सगळ्यांनी कपांची झाकणं न काढता ऐकलंत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

आता एकच. सोमवारी मी त्या कागदावर सही करणार नाही. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी राहणार आहे, आणि खाली गाडीत बॅटरी जोडायच्या तारा ठेवणार आहे. एलिंगसनसाहेबांना वाटेल, भाषणाच्या भरात बोलतेय.

विल्माबाई, तुम्ही समोर बसला आहात. माझे कान बघा आणि साहेबांना सांगा.