अर्ध्यावरचं गाऱ्हाणं

नाही, आत इतक्यात नको जाऊस. बस इथं. ते कदेल ओढ इकडे — ते नको गो, त्याचा पाय मोडका आहे — हां, हे घे. मनीषा मॅडमनी तुला माझ्याकडे पाठवलं, म्हणजे आज दिवसभर तू माझ्या मागून फिरणार आणि मी आजाऱ्याशी कसा बोलतो ते बघून लिहिणार. बरोबर ना? वही नवी घेतलीस. समासही आखलेस. सगळेच आखतात, बाय. दर वर्षी सहा-सात जणं येतात, गळ्यात हे असलं कार्ड अडकवतात — चॅप्लेन, प्रशिक्षणार्थी — आणि चतुर्थीला घरी गेली की परत येत नाहीत. आणि तू का आलीस ते सांगू नकोस, मला ठाऊक आहे. घरचं कोणीतरी गेलं, तेव्हा जवळ बसायला कोणी नव्हतं, म्हणून आता आपण दुसऱ्यांजवळ बसायचं. आई गेली तुझी. आई नाही? मग वडील. वडीलही नाहीत — बरं, असेल कोणीतरी, गोष्ट तीच असते. इथं येणारा प्रत्येक जण एक मरण खिशात घालूनच येतो.

आणि शिकवतात काय, ते ऐक. गीता? बायबल? काही नाही. पूर्वी या इस्पितळात एक म्हातारे पाद्री यायचे, ख्रिस्तांवांच्या खाटेशी बसून प्रार्थना म्हणायचे आणि जायचे. आता म्हणे आजारी कुठल्याही धर्माचा असो, त्याच्याजवळ बसणारा शिकलेला माणूस हवा, त्यालाच चॅप्लेन म्हणायचं, म्हणून हा कोर्स. सहा महिने. सहा महिने काय, तर गप्प बसायला शिकायचं. मी बावीस वर्षं डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवलेला माणूस, आणि माझ्या मुलीच्या वयाची मॅडम मला सांगते — गोकुळदास, आजारी बोलता बोलता थांबला की तुम्हीही थांबा. का म्हणून? थांबला म्हणजे त्याला शब्द सापडत नाही. नाही सापडत तर द्यायचा नाही? तहानलेल्याला पाणी देतात की समोर बसून त्याच्याकडे बघत राहतात? आणि ते लिहिणं तर विचारूच नकोस. आजाऱ्याशी जे बोलणं झालं ते घरी जाऊन शब्दाला शब्द उतरवायचं — तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये किती वेळ कोणी बोललं नाही — आणि सोमवारी सगळ्यांसमोर वाचायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं शाळेतल्या पोरासारखं उभं राहून. माझं पहिलं वाचून झालं तेव्हा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तो तीन ओळी बोललाय आणि तुम्ही दोन पानं." सगळी हसली. मीही हसलो. मनात म्हटलं, तीन ओळींच्या माणसाला दोन पानं दिली, यात माझं चुकलं काय?

मी या धंद्यात कसा पडलो म्हणून विचारतेस. विचारलं नाहीस? विचारणार होतीस. खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले, मग मी इथल्या शववाहिकेवर ड्रायव्हर लागलो. मागे मडं, पुढे माझ्या बाजूला घरचं माणूस, आणि जायचं कुठे, तर पेडण्याला, मांद्र्याला, हरमलला. एवढा रस्ता बोलणार कोण? मीच. आमच्या घराण्याला गाऱ्हाणं घालायचा मान आहे गो, गावच्या सातेरीच्या देवळात. सगळा गाव हात जोडून उभा राहतो, आमच्यातल्या एकानं पुढे होऊन देवीला सांगायचं — अमक्याचं दुखणं बरं कर, तमक्याची पोर सुखी ठेव — आणि दर वाक्याला मागून सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. जिभेला तीच सवय. गाडीत एखादी बाई रडायला लागली की मी तिच्या वतीनं सुरू व्हायचो, आणि म्हापसा येईपर्यंत ती शांत. लोकांनी इस्पितळात येऊन सांगितलं, तुमचा ड्रायव्हर देवमाणूस आहे. ते ऐकून मॅडमनी बोलावलं. माझ्या बोलण्यासाठी मला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, बोलू नका. याला विद्या म्हणतात, आणि तिचं सर्टिफिकेट देतात. मलाही दिलंय. कपाटात पडलंय, कपड्यांखाली.

काय बघतेस तिकडे? हो, चार नंबरची खोली. तुझ्या यादीत पहिलं नाव तेच आहे, मला दिसतंय. अनंत, वय बासष्ट, तालुका पेडणे, फुप्फुसं निकामी. तिथं आपण शेवटी जाऊ. शेवटी का, तर मी सांगतो म्हणून. आडनाव माझंच आहे हेही तुला दिसलं असणार — तर एका गावात एका आडनावाची चाळीस घरं असतात, त्यात एवढं डोळे मोठे करण्यासारखं काय आहे? वहीत नको लिहूस. खोड ते. — भाऊ आहे माझा. थोरला. झालं समाधान?

बोलताना अडखळतो तो, लहानपणापासून. एखाद्या शब्दावर गाडी अडली की अडली. मग दुकानात काय हवं ते मी सांगायचो, मास्तरांनी विचारलं तर मी सांगायचो, त्याचं लग्न ठरवायला गेलो तेव्हाही मुलीच्या बापाशी मीच बोललो. दादा मान हलवायचा. कधी तक्रार केली नाही त्यानं, निदान मी ऐकली नाही. बाबा गेले तेव्हा गाऱ्हाण्याचा मान त्याच्याकडे आला, थोरल्याकडेच येतो. महिनाभर शेतात जाऊन एकटाच म्हणायचा, वहिनीनं मला नंतर सांगितलं. जत्रेच्या दिवशी धुतलेलं पांढरं शर्ट घालून पुढे उभा राहिला, हातात नारळ, आणि खरं सांगतो बाय, चांगला म्हणत होता. अर्ध्यापर्यंत आला. मग एका शब्दावर अडला. गाव थांबला. किती वेळ? मॅडमनीही हेच विचारलं होतं मला — किती वेळ, गोकुळदास? पाच म्हणेपर्यंत. फार तर दहा. मी मागून ते वाक्य उचललं आणि गाऱ्हाणं शेवटापर्यंत नेलं, आणि गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. चांगलं मोठ्यानं म्हणाला. जत्रेला आलेली माणसं ताटकळत ठेवायची होती काय? कोणीतरी पुरं करायला हवं होतंच ना?

त्यानं नारळ माझ्या हातात दिला आणि बाजूला झाला. पुढच्या वर्षी गावानं मलाच पुढे केलं. दादा देवळात यायचा बंद झाला, मग माझ्या दारात यायचा बंद झाला. अकरा वर्षं झाली. आम्ही एका वाड्यावर राहतो, त्याच्या घरातली कढी मला माझ्या पडवीत वासावरून कळते, आणि अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. आणि तुझ्या त्या मॅडमला वाटतं, माणसं इथं सहा महिन्यांत बदलतात.

परवा त्याला इथं आणला. विमलावहिनी मला बाहेर व्हरांड्यात गाठून म्हणाली, भावजी, त्यांना तुमच्याशी बोलायचंय, कालपासून तेवढंच म्हणतायत. म्हणून आज सकाळी सातला गेलो, हेच कार्ड गळ्यात घालून. त्यानं तोंडावरचा मास्क स्वतःच्या हातानं बाजूला केला. म्हणाला, "गोकुळ, त्या दिवशी..." आणि अडला. या वेळी जिभेनं नाही, श्वासानं. मी थांबलो. देवीशपथ थांबलो गो, शिकलोय मी ते, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. त्याचे ओठ हलत होते, छाती वर-खाली होत होती, एक हात चादरीवर काहीतरी शोधत होता — आणि माझ्याच्यानं ते बघवेना. मी म्हणालो, "त्या दिवसाचं तू मनातून काढलंस, असंच ना दादा? मला माफ केलंस."

त्यानं माझ्याकडे बघितलं. देवळात नारळ देताना बघितलं होतं, अगदी तसंच. मग मास्क लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. काय म्हणायचं होतं त्याला? कोणाला माहीत. शिवी असेल. असू दे, शिवी तर शिवी, ती त्याची तरी असती. डॉक्टर उद्याचं सांगत नाहीत. आणि मी इथं सकाळपासून मोडक्या कदेलांचा पहारा करत बसलोय, तुझ्या समासांना नावं ठेवतोय, कारण मी आत गेलो तर परत बोलेन. मला माहीत आहे मी बोलेन. एवढ्या आजाऱ्यांजवळ बसलो, एवढी पानं लिहिली, पण त्याच्यासमोर माझी जीभ थांबत नाही.

बघ, तू परत तोंड उघडलंस. मघापासून ही तिसरी वेळ, आणि तिन्ही वेळा मीच... कोण गेलं गो तुझं? — नाही, थांब, मला नको सांगू. मी पुरतं ऐकून घेणार नाही, आणि तुझं माणूस मध्येच राहील.

ऊठ. वही घे. चार नंबर, जनेलाजवळची, खिडकीकडची खाट. कोण म्हणून विचारलं तर सांग, गोकुळनं पाठवलं, आणि पुढे एक अक्षर बोलू नकोस. तो अडला तर अडू दे. दहा म्हणेपर्यंत नव्हे, सांज झाली तरी बसून राहा. पाणी मागितलं तर पाणी दे, शब्द देऊ नकोस. जे म्हणेल ते शब्दाला शब्द लिही, शिवी असली तर शिवी, आणि मध्ये किती थांबला तेही लिही. व्हय व्हय म्हणून मान हलवत बसू नकोस नुसती, जा आता.

आणि दार घट्ट लावून घे. मला इथून त्याचं ऐकू आलं तर मी बोलेन.