माळ्यावरचा फणस

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो. चांगली वस्तू जपून ठेवतो, तो माणूस तिचा मालक की राखणदार? लगेच माना डोलवू नका, आधी गोष्ट ऐका.

कुडाळकडच्या एका गावात आबा मेस्त्री राहायचा. पखवाज घडवावा तर त्यानेच! वादळात देवळामागचा जुना फणस पडला, तेव्हा गावाने खोड आबाच्या हवाली केलं — भजनाला पखवाज करून दे म्हणाले. आबाने ओंडके माळ्यावर रचले. ओलं लाकूड कोरलं की तडकतं, म्हणून दोन पावसाळे थांबला. इथपर्यंत शहाणपण, मान्य.

पण पुढेही पावसाळे येतच राहिले! आबा रोज माळ्यावर चढायचा, ओंडक्यावर टिचकी मारायचा, कान लावायचा आणि तृप्त होऊन खाली यायचा. खाली बायको, वैजयंता, ओल्या लाकडांची चूल फुंकून बेजार. वर लाकूड ठणठणीत कोरडं!

देवळात पखवाज वाजवायचा तातू गुरव, आबाचा बालमित्र. त्याच्या पखवाजाचं खोड चिरलं. नवा मागायला आला, तर आबा म्हणाला, "अजून कच्चा आसा, तातू." मग तातू भजनाला तेलाचा रिकामा डबा वाजवू लागला. देवाने चालवून घेतलं. त्याला सवय आहे आपल्या भक्तीची.

पुढे तातूला अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला. आणि काय चमत्कार, आबाचं लाकूड तयार झालं! त्याने ते कोरलं, चामडं चढवलं, वाद्या ताणल्या. स्वतः खांद्यावर घालून पखवाज तातूच्या घरी नेला.

तातूने डाव्या हाताने एक थाप मारली. नाद घरभर घुमला. तो विरेपर्यंत तातूने कान दिला. मग म्हणाला, "लाकूड सुकला ता बरा झाला, आबा. माझो हात पण सुकलो."

आबा तातूच्या उजव्या अंगाला बसला आणि पखवाजाच्या दुसऱ्या तोंडावर स्वतः बोटं मारू लागला. ताल कुठला? सुताराचा हात तो! तातू चुका काढत होता, आबा डोळे पुसत होता. दिवेलागणीपर्यंत हेच चाललं.

सकाळी आबाने उरलेले सगळे ओंडके खाली उतरवले. आसपासच्या भजनी मंडळांना निरोप धाडले, पखवाज हवा असेल तर या.

आता तुमचं बघू. पैठणी कपाटात, काचेचा सेट शोकेसमध्ये — आणि रुसलेल्या भावाशी बोलायचे दोन गोड शब्द? तेही जपूनच ठेवलेत ना? ठेवा. चांगले सुकू द्या. भाऊ काय, कुठे जातोय?