चिमटा माझ्या बोटाला

सकाळचे सव्वानऊ. इस्पितळाचा दुसरा मजला. खाटेवर माझा थोरला भाऊ, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, शेजारी स्टुलावर मी. तुम्हाला सांगतो, सॅच्युरेशन हा शब्द ज्याने काढला ना, त्याला एकदा त्या स्टुलावर बसवा!

तसा शब्द ओळखीचा. संपादक म्हणतात, बाजार सॅच्युरेट झालाय, म्हणजे पेपर खपत नाही. फोटोग्राफर म्हणतो, सॅच्युरेशन वाढवलं, म्हणजे मंत्र्याचा टोमॅटो केला. शब्दकोश म्हणतो, संपृक्तता... घ्या, उजेड पडला! इस्पितळात मात्र रक्तात प्राणवायू किती, ते सॅच्युरेशन. म्हटलं, इथे तरी शब्द कामाला लागला असेल. जन्मभर बातमीदारी करून माणूस इतका भाबडा राहतो बघा.

झालं काय, दादाचे हात गार, बोटाला चिमटा लावला तरी मशीनवर आकडा येईना. मशीन चालतंय का बघू, म्हणत सिस्टरबाईंनी चिमटा लावला माझ्या बोटाला. अठ्ठ्याण्णव! चालतंय म्हणाल्या, कुणीतरी हाक मारली, गेल्या त्या गेल्याच.

शिकाऊ डॉक्टर आला. दादाकडे बघेल तर शपथ, बघितलं मशीनकडे. "सॅच्युरेशन उत्तम आहे." म्हटलं, अहो, बोट माझं आहे. "काका, टेन्शन घेऊ नका, होतं असं." काय होतं असं? मी चिमटा काढला, तर मशीन बोंबलायला लागलं, चौघं धावत आली, मला झापलं आणि चिमटा पुन्हा माझ्याच बोटाला! दादाचा हात धरून बसलो होतो ना, चादरीवर जे बोट दिसलं ते पेशंटचं!

मग मोठे डॉक्टर, मागे वरात. "सॅच्युरेशन उत्तम आहे. मास्क काढा, संध्याकाळी घरी." मास्क काढलाही. मी ओरडतोय, ऐकतंय कोण? पायाशी उभ्या वहिनीने तर आनंदाने डॉक्टरांना हात जोडले. इकडे दादाचे ओठ जांभळे, तिकडे मशीनवर अठ्ठ्याण्णव... असणारच, संतापाने भसाभसा श्वास मी घेत होतो!

शेवटी दादाचा हात चोळचोळून गरम केला, चिमटा उपटून त्याला लावला. अठ्ठ्याहत्तर. सिस्टरबाई म्हणाल्या, "बघा, तुम्ही हात लावलात आणि मशीन बिघडलं."

मास्क मीच पुन्हा चढवला. दादा आता बरा आहे, मशीनही बदललंय. मोठ्या डॉक्टरांना गाठून विचारलं, सकाळभर दादाचं सॅच्युरेशन किती होतं?

"उत्तम," म्हणाले.

ते माझं होतं हो. चिमटा त्याला लागेपर्यंत दादाचं किती होतं, ते अजून कुणीच सांगितलेलं नाही.