ललितसाठी ट्रस्ट

...आणि वर तो वकील विचारतो, "मावशी, समोरची पार्टी कोण?" अहो, भांडण असेल तर पार्टी ना? तुम्हाला सांगतो, आमच्या नाशकात कोर्टाबाहेर खडा भिरकावला तर काळ्या कोटालाच लागेल, पण सगुणामावशीला साधा ट्रस्ट करून देणारा वकील... नाव नको.

सगुणामावशी म्हणजे आमच्या मखमलाबादची. शेवंतीचा मळा, नवरा वारलेला, एकुलता एक ललित. पोरगा चाळिशीला आला, पण समज लहान पोराएवढीच. दिवसभर आईमागं पाटी घेऊन फुलं वेचतो आणि खूश असतो. उद्या म्हातारी गेली तर त्याला भाकरी कोण वाढणार? धाकटा दीर पुंजाराम तयारच, "वहिनी, मी हाय ना. तू फक्त सही कर." शहर पार बांधाला येऊन टेकल्यावर असं प्रेम कुणालाही येतं हो. म्हणून ललितच्या लहानपणीच्या शाळेतल्या मनीषा मॅडम म्हणाल्या, "जमिनीचा ट्रस्ट करा ललितसाठी, वकील गाठा."

गाठला. पहिला तो पार्टीवाला, सीबीएस बसस्टँडजवळ झाडाखाली टेबल टाकून बसलेला. ललितकडं बघून त्यानं कागदच पुढं ओढला, "अपघात कधीचा? गाडी कुणाची?" मावशी म्हणाली, "अपघात नाय, ट्रस्ट करायचाय." तो हिरमुसला. दुसरा मेनरोडला, माडीवर. त्यानं आवाज मऊ केला, "नवरा मारतो का? पोटगी लावून देतो." नवरा फोटोत, गळ्यात हार, तो काय मारणार? "साहेब, ट्रस्ट करायचाय." तिसऱ्याला शब्द तरी कळला, मावशीला वाटलं देव पावला, तर तो म्हणतो, "कोणत्या देवाचा? मंदिर बांधून झालं का? आधी अध्यक्ष, खजिनदार ठरवा..." मावशीनं ललितला पुढं केलं, "देव नाय हो, हा हाय. ह्याच्यासाठी ट्रस्ट करायचाय." तोवर ललितनं टेबलावरची घंटी वाजवली, आवडली, परत वाजवली, परत... दोघं बाहेर.

शेवटी गंगापूर रोडच्या वेदिका मॅडम. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, ललितचं नाव ललितलाच विचारलं. म्हणाल्या, "होईल, मावशी. जमीन कुणाला विकता येणार नाही, उत्पन्न ललितवरच खर्च होईल." मावशीचे डोळे भरले. इतक्या दारांत पहिल्यांदाच कुणी 'होईल' म्हणालं होतं.

"फक्त विश्वस्त कोण, ते सांगा."

"म्हंजी?"

"तुमच्या माघारी ललितला जीव लावणारा, जमिनीवर डोळा नसलेला, भरवशाचा माणूस."

मावशीनं ललितकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "असा माणूस असता तर मी तुमच्याकडं कशाला आले असते, बाई?" आणि हात जोडून, "तुम्हीच व्हा ना."

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "मावशी, इथं येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो."

तर तुम्हाला सांगतो, वकील शोधायचं मावशीचं काम संपलं. आता ती माणूस शोधतेय... वकिलाच्या दाराला निदान पाटी तरी असते.