निमंत्रकाची जागा

नाही, खुर्ची नको, जयराम. मी बसायला आलेलो नाही. मखमलाबादहून शहरात काम होतं, वाटेत तुझा छापखाना लागला, एवढंच. मैनाच्या लग्नाची पत्रिका तुझ्याकडे आहे म्हणतात. मग प्रूफ दाखव. — छे, चिमाजीनं कशाला पाठवलं असेल मला? पण पुतणीच्या पत्रिकेत चूक राहिली तर लोक नाव कोणाला ठेवतील? धाकट्या भावाला नाही, जन्मभर मराठी शिकवलेल्या थोरल्याला. तेवढ्यासाठी आलो.

तू शोध, तोवर सांगतो. खाली 'समस्त भाऊबंद' असं घातलं असशील. शब्द वाईट नाही — भाऊ आणि वर पुन्हा बंधू, एकच गोष्ट दोनदा सांगितली, म्हणजे सांगणाऱ्यालाच शंका होती. आणि भाऊबंदकी? ती कोर्टाच्या आवारात ऐकू येते. बंधुभाव सभेत, भाऊबंदकी बांधावर. वस्तू एकच, कपडे निराळे. तीस वर्षं मी पोरांकडून बंधुभावावर निबंध लिहून घेतला. एकानं लिहिलं होतं, बंधुभाव म्हणजे काका आणि बाबा एकमेकांकडे न बघता एकाच विहिरीचं पाणी घेतात तो. मी शून्य दिलं. — तूच होतास? असशील. लिहिलं होतंस खरं, पण अक्षर वाईट होतं.

विहिरीवरून आठवलं. आमची विहीर एक, मोटारही एक. चार दिवस पाणी त्याचं, चार दिवस माझं. वडिलांनी लावून दिलेली पाळी. ती मोडली कोणी? त्यानं मोडली. म्हणजे — मोडणार होता. दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या तोंडावर, तो एक दिवस जास्त ओढणार असा माझा अंदाज होता. म्हणून त्याच्या पाळीत मी मोटारीचा फ्यूज काढला, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि देवळात भजनाला जाऊन बसलो. हसू नकोस. टाळाच्या प्रत्येक ठोक्याला तो छातीवर आपटत होता. चार दिवस तिथेच होता, खिशात. चिमाजी देवळाच्या पायरीशी आला, चपला हातात, पाय चिखलाचे. म्हणाला, "अण्णा, फ्यूज तुम्ही काढलाय का?" मी म्हणालो, देवाच्या दारात असले प्रश्न विचारू नयेत. — खोटं बोललो नाही, हे ध्यानात घे. मी खोटं बोलत नाही. त्याचा झेंडू मात्र उभ्या उभ्या वाळला. दसऱ्याला तो सोनं द्यायला आला नाही. तेव्हापासून तो विचारत नाही, मी सांगत नाही. आमची मंडळी, कुसाबाई, म्हणते, सांगून टाका. बायकांना वाटतं, सांगणं म्हणजे तोंड उघडणं.

आता आमच्याकडची रीत तुला माहीत आहे. पत्रिकेत निमंत्रक म्हणून थोरल्याचं नाव आधी. ते नसलं की गाव पत्रिका वाचत नाही, नसलेलं नावच वाचतं. आणि मी मांडवात कोणत्या तोंडानं जाऊ? पोरगी माझ्या मांडीवर मुळाक्षरं शिकली. — नाही, हे विचारायला आलो नव्हतो. पण आलोच आहे, तर... आहे का?

बोलू नकोस. दे इकडे. चष्मा — हं. मुहूर्त बरोबर. मैनाचं नाव बरोबर. 'निमंत्रक' — आणि इथे, चिमाजीच्या नावाच्या वर, कोरं का? अक्षरांचे खिळे गळाले तुझे? — नाहीत? चिमाजीनं ठेवायला सांगितलं? केव्हा? — आठ दिवस झाले? आणि काय म्हणाला? — "अण्णा प्रूफ तपासायला येतीलच, त्यांच्यानं राहवायचं नाही. त्यांचं नाव त्यांनाच लिहू द्या."

आणि मी आलो नसतो तर?

— तोवर छापायचं नाही, म्हणाला?

बरं.

पेन्सिल नको, पेन दे. ही वरची कोरी जागा काढून टाक. पहिलं नाव चिमाजीचं. त्याच्या खाली माझं, खंडेराव. गुरुजी-बिरुजी काही लावायचं नाही. — रीत मला शिकवू नकोस, जयराम, ती आत्ताच मी तुला सांगितली. हे चुकून झालेलं नाही, असं समासात लिहून सही करतो. छापण्याआधी प्रूफ त्याला नेऊन दाखव. काही बोलू नकोस, नुसतं दाखव. त्याला समजेल.

आता तू आपल्या यंत्राकडे जा, मी जरा खुर्चीत बसतो. आणि जाताना ते दार लोटून घे.