कणकण

सकाळचे ऊन काचेतून आत आले, रिकाम्या खुर्च्यांवर घटकाभर विसावले आणि सावकाश सरकत अनिकेतच्या हातांवर येऊन थांबले. वडिलांसाठी घेतलेली लघवीची नवी पिशवी मांडीवर ठेवून तो सॉल्ट लेकच्या त्या रुग्णालयात बिलाची वाट पाहत होता. शेजारी एक वृद्ध जोडपे मराठीत बोलत होते. आजींच्या चाकाच्या खुर्चीलाही तशीच पिशवी लटकत होती.

“अहो, काल सिस्टरला नेमकं काय सांगितलंत?”

“इनको कणकण है, म्हणालो.”

“म्हणून तिनं दोन ब्लँकेटं आणली! बंगालीत कनकने म्हणजे कडाक्याची थंडी. चाळीस वर्षं राहताय इथे.”

“मग काय, घामाघूम झालीस. पण आता दुपारीच रिपोर्ट येईल. लघवीतल्या जंतूंची जनुकंच तपासतात म्हणे. जंतू वाढायची तीन-तीन दिवस वाट बघायला नको.”

“आणि नळी?”

“ती बदलणार. औषधही नेमकं मिळेल.”

“घरीसुद्धा दोन दिवस कणकणच म्हणत बसलात. सरळ ताप म्हणायचं होतं.”

“जीभ रेटली नाही गं. ताप म्हटलं की तो खरा होतो.”

“वेडेच आहात. हात द्या इकडे.”

अनिकेतने खिशातून फोन काढला. बहिणीला लिहिलेला, पण न पाठवलेला निरोप तसाच होता : ‘बाबांना जरा कणकण आहे.’ त्याने तो पुसला आणि नवा लिहिला.

‘बाबांना तीन दिवसांपासून ताप आहे.’